पत्त्याची दुसरी ओळ

आमच्या पत्त्याच्या पहिल्या ओळीत इमारतीचं इंग्रजी नाव आहे. ते आजीच्या जिभेवर कधी बसलं नाही. दुसऱ्या ओळीतलं 'वाघबीळ' मात्र तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. ती नवी नवरी असताना सासूने पहिली ताकीद दिली ती हीच, की दिवेलागणीच्या आत गोठ्याचं दार लागलं पाहिजे.

आजीला वाचता येत नव्हतं. घोडबंदर रस्त्यावरून रिक्षाने जाताना ती गावं बोटांवर मोजायची : मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या पट्टीत भात. उन्हाळ्यात डोंगरातून पाला आणून राब भाजायचा. खाडीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांध राखायचा. उघाडीची फळी भरतीला लावायची नि ओहोटीला काढायची, हे तिच्या सासऱ्यांचं काम; त्यांची झोप खाडीच्या वेळापत्रकावर चालायची. भात कापलं की उरल्या ओलीवर वाल.

घोडबंदर म्हणजे घोड्यांचं बंदर. पोर्तुगीज अमलात अरबांचे घोडे तिथे उतरत. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. आजीच्या गोष्टींत मात्र ना पोर्तुगीज होते ना चिमाजी अप्पा. खाडीतून आलेले घोडे तेवढे होते, आणि ते भाताची रोपं खायचे.

बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला पोचली. स्टेशनाच्या आसपास शहर वाढलं. आमच्या गावांना ती गाडी लांबच राहिली. 'ठाण्याला जाऊन येते' म्हटलं की आजीचा अख्खा दिवस जायचा. म्हणूनच ही पट्टी इतकी वर्षं शेतीची राहिली. 1982 साली ठाणे महापालिका झाली, आसपासची गावं तिच्यात आली. पुढे पातलीपाड्याला हिरानंदानी इस्टेट उभी राहिली आणि शेताचा भाव गुंठ्याऐवजी चौरस फुटात बोलला जाऊ लागला.

आजोबांनीही शेत दिलं. कागदावर अंगठा उठवून आजी घरी आली आणि कणगीमागचं वालाचं बियाणं तिने फडक्यात बांधून ठेवलं. त्या विक्रीवरच आम्ही सुखवस्तू झालो. पोहण्याचा तलाव, लिफ्ट, माझं शिक्षण, सगळं त्यातलंच. तेव्हा नुसती हळहळ करणं खोटेपणाचं होईल.

2019 च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला. सोसायटीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आजी एवढंच म्हणाली, "त्याला कोणी सांगितलं नसंल, गोठं मोडलं म्हणून."

त्या वर्षी दिवाळीनंतर तिने फडकं सोडलं आणि कुंपणाच्या भिंतीलगतच्या वीतभर मातीत वाल टोचले. शोभेच्या झाडांत हे तण म्हणून उपटलं जाणार, याची मला खात्री होती. पंधरा दिवसांनी खाली गेलो तर वेल भिंतीवर चढायला आधार शोधत होते आणि कुणीतरी त्यांना सुतळी बांधून दिली होती. चौकशी केली. माळी येऊरच्या पाड्यावरचा होता. पान बघूनच त्याने ओळखलं होतं.