फुलदाणीचा तळ

सरकारी दप्तरात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. कोणी काही सांगितले की, त्याला आधार काय, हा प्रश्न त्याच्या मनात प्रथम उभा राहतो. कचेरीत ही खोड उपयोगी पडते. घरात ती क्वचितच कोणाला रुचते. माझ्या आत्याच्या फुलदाणीने मला हा धडा दिला.

जबलपूरच्या आमच्या जुन्या घरातील फडताळात वीतभर उंचीची एक विलायती फुलदाणी असे. सायीच्या रंगाच्या अंगावर केशरी आणि निळी फुले, भोवती काळ्या रेषा. आमचे पणजोबा तेथे एका कचेरीत कारकून होते. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा साहेबाने प्रसन्न होऊन ती त्यांना दिली, ही कथा घरात तीन पिढ्या सांगितली गेली. आत्याने फुलदाणी माझ्या स्वाधीन केली ती या कथेसह. मी ती हाती घेतली आणि खोडीप्रमाणे उलटी केली.

अशा भांड्याची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी. पहिला प्रश्न असा की, चित्र हाताने काढलेले आहे की छापलेले? अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र पातळ कागदावर घेऊन ते भांड्यावर उतरवण्याची कला रूढ झाली. अशा छापात भिंगाखाली बारीक रेषा व ठिपके दिसतात, आणि किनारीत कागदाचे दोन तुकडे जुळवल्याचा सांधाही पुष्कळदा सापडतो. हाताच्या कामात कुंचला टेकला तेथे रंग दाट असतो, उचलला तेथे विरळ होतो, आणि दोन पाकळ्या कधी तंतोतंत सारख्या येत नाहीत. मात्र छापलेल्या रेषांत हाताने रंग भरण्याचीही पद्धत होती. म्हणून रेषा आणि रंग वेगवेगळे तपासावेत.

दुसरा प्रश्न काळाचा. त्याचे उत्तर बहुधा तळाशी असते. १८४२ पासून १८८३ पर्यंत नोंदणी झालेल्या इंग्रजी नमुन्यांवर चौकट तिरपी उभी केल्यासारखी एक खूण असे. तिच्या कोपऱ्यांतील अक्षरांवरून आणि अंकांवरून नोंदणीचा दिवससुद्धा काढता येतो. १८८४ पासून ही खूण जाऊन साधे अनुक्रमांक आले. १९०० च्या आरंभी ते साडेतीन लाखांपर्यंत पोहोचले होते, १९३० च्या आरंभी साडेसात लाखांपर्यंत. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा अमेरिकेचा १८९० चा कायदा पुढील वर्षी अंमलात आला आणि तेव्हापासून ‘इंग्लंड’ हा शब्द भांड्यांवर सर्रास दिसू लागला. ‘मेड इन इंग्लंड’ ही तीन शब्दांची मुद्रा सामान्यतः विसाव्या शतकातली. मात्र नोंदणीचा अंक नमुन्याचा असतो, त्या एका भांड्याचा नव्हे. भांडे त्या सालाआधीचे नाही एवढेच तो सांगतो. नंतर किती वर्षांनी घडले, ते सांगत नाही.

आमच्या फुलदाणीच्या तळाशी ‘मेड इन इंग्लंड’ होते, ‘हॅण्ड पेन्टेड’ होते आणि सात लाख ऐंशी हजारांच्या घरातला एक अंक होता. म्हणजे १९३० च्या अलीकडची वस्तू. पणजोबा तर १९१२ सालीच वारले होते.

हे आत्याला सांगावे की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. शेवटी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे आई खरे सांगत होती रे. ‘ही मी आणली, माझ्या पैशांनी’ असे ती एकदा म्हणाली होती. सगळे हसले. पुन्हा ती बोलली नाही.”

आजीचे लग्न १९३२ सालचे. तळाचा अंक तिच्या बाजूने साक्ष देतो. सिद्ध मात्र करीत नाही. पण साहेबाच्या देणगीची कथा तो निश्चित खोटी ठरवतो. आमच्या घराने एका बाईचा शब्द बाजूला ठेवून साहेबाची मेहेरबानी जपली होती.

हाच न्याय ती फुले काढणाऱ्या हातालाही लागू आहे. स्टॅफर्डशायरच्या कुंभारगावांत रंगकाम मुख्यतः स्त्रिया आणि कोवळ्या मुली करीत. विख्यात क्लॅरिस क्लिफ हिनेही १९१२ साली, तेराव्या वर्षी, उमेदवार म्हणून कुंचला हाती घेतला. १९२७ साली बर्स्लेमच्या न्यूपोर्ट कारखान्यात तिचा ‘बिझार’ नावाचा भडक रंगांचा माल सुरू झाला. त्या भांड्यांच्या तळाशी तिचे नाव छापलेले असते, परंतु प्रत्यक्ष रंग भरले ते तिच्या हाताखालच्या मुलींनी. आमच्या फुलदाणीवर तर कोणाचेच नाव नाही. एका पाकळीचा केशरी रंग रेषेबाहेर थोडा ओघळला आहे, तेवढीच त्या अज्ञात मुलीची ओळख.

श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी असे भांडे असेल, तर त्यांनी ते अवश्य उलटे करून पाहावे. मात्र त्याआधी घरातील वडीलधाऱ्या बायकांना त्याची हकीकत विचारावी, आणि सांगतील ती हसण्यावारी न नेता लिहून ठेवावी. आत्याने आता फुलदाणी परत मागून घेतली आहे. ती म्हणते, “आईची आहे, माझ्याकडेच राहू दे.”