स्टेंट बसला, पण जखम भरली का?

काकांना स्टेंट बसवल्यापासून आमच्याकडे एक प्रश्न रोज निघतो. "ही रक्त पातळ करायची गोळी अजून किती दिवस?" नळी मोकळी झाली, पडद्यावर रक्त वाहताना त्यांनी स्वतः पाहिलं. मग गोळी कशाला? मुद्दा बिनतोड वाटला, म्हणून वाचत बसले. आणि हाती आली एक लांबलचक गोष्ट. डॉक्टरांना जे दिसत होतं त्याची आणि जे दिसत नव्हतं त्याची.

सुरुवात 1977 ची. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिगनी हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून अडथळा दूर केला. पण बऱ्याच जणांची नळी काही महिन्यांत पुन्हा आकसायची. म्हणून 1986 साली फ्रान्समध्ये झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिच सिगवार्ट यांनी आत धातूची जाळीच बसवली. आता रक्तात धातू म्हटल्यावर गुठळी होणारच! ती होऊ नये म्हणून इतकी जालीम औषधं देत की रक्तस्राव व्हायचा.

इथे मिलानचे अँटोनियो कोलंबो येतात. अँजिओग्राफीत दिसते ती नळीतल्या रंगद्रव्याची सावली. नळीची भिंत दिसतच नाही. त्यांनी बारीक सोनोग्राफीची तार आत घातली तर काय, सावलीत झकास दिसणारे स्टेंट प्रत्यक्षात अर्धवट उघडलेले! मग जास्त दाबाने फुगा फुगवून जाळी भिंतीला नीट टेकवायची, आणि ती टेकली की साध्या गोळ्यांवर भागतं, हे त्यांनी 1995 साली दाखवून दिलं.

उरला दुसरा त्रास. शरीर या जाळीवर स्वतःची नवी कातडी चढवतं. काही जणांत ती इतकी माजते की नळी पुन्हा बुजते. त्यावर उपाय सापडला तो ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून मिळालेल्या सिरोलिमस या औषधात. (त्यामागे सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय शास्त्रज्ञाची अनेक वर्षांची चिकाटी होती, हे मला माहीतच नव्हतं.) 1999 च्या डिसेंबरात साओ पावलोमध्ये असा औषधी स्टेंट पहिल्यांदा माणसाला बसवला. 2002 साली 'रावेल' चाचणीचे आकडे छापून आले. सहा महिन्यांनी नळी पुन्हा बुजण्याचं प्रमाण साध्या स्टेंटमध्ये 26.6 टक्के आणि औषधी स्टेंटमध्ये शून्य. शून्य! लोकांना वाटलं, प्रश्न सुटला.

2006 साली बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत खळबळ उडाली. हे स्टेंट वर्ष-दोन वर्षांनी अचानक गुठळीने बंद पडत होते, काही वेळा गोळी थांबवल्यावर. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या पॅथॉलॉजिस्ट रेणू विरमानी मृतांच्या धमन्या तपासत होत्या. त्यांना आत धातूच्या तारा उघड्याच सापडल्या. औषधाने माजणारी कातडी थांबवली, पण हवी तीही थांबवली. आपण ज्याला यश म्हणत होतो ती न भरलेली जखमच होती की! हे वाचताना मी जरा थांबलेच.

पण जिवंत माणसात हे बघायचं कसं? सोनोग्राफीला साधारण 100 मायक्रॉनपेक्षा बारीक काही ओळखता येत नाही, आणि या स्टेंटवरचा थर बहुधा त्याहून पातळ. कामी आलं ते प्रकाशाचं तंत्र, ओसीटी. 1991 साली त्याचा पहिला शोधनिबंध आला आणि ते आधी रुळलं डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीत. त्याला 10-20 मायक्रॉन दिसतात. अडचण एवढीच की प्रकाश रक्तातून जात नाही. म्हणून काही सेकंद द्रव सोडून रक्त बाजूला सारायचं आणि तेवढ्यात तार मागे ओढत चित्र टिपायचं. मग एकेक तार मोजता येते. ही झाकली, ही उघडी, ही भिंतीपासून सुटलेली. दोन स्टेंटची तुलना अशी तारा मोजून करता येऊ लागली. पहिल्या सिरोलिमस स्टेंटची तार 140 मायक्रॉन जाड होती, पुढच्या पिढीतल्या एव्हरोलिमस स्टेंटची 81. पातळ तारा लवकर झाकल्या जातात हेही दिसलं.

तरी एक मेख राहतेच. खरं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं, ते ओसीटीलाही दिसत नाही. झाकलेली दिसणारी तार निरोगी अस्तराखाली आहे की नुसत्या फायब्रिनखाली, हे चित्र खात्रीने सांगत नाही. म्हणूनच गोळीची मुदत अजूनही चाचण्यांवरून आणि पेशंट बघून ठरते, झटका येऊन गेला असेल तर सहसा वर्षभर.

हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आत अजून पापुद्रा धरतोय म्हण की." मग काकूने पुढे केलेली गोळी मुकाट्याने घेतली.