भाड्याचे घर आणि लिहिलेला कागद

देहूरोड परिसरात निवृत्तीचे पैसे हातात आले की बहुतेक घरांत एकच सल्ला मिळतो : एखादा फ्लॅट घ्या आणि भाड्याने द्या. मुसलमान घरांत या सल्ल्याला आणखी एक आधार असतो. बँकेचे व्याज नको, घरभाडे मात्र हलाल कमाई. सल्ला चुकीचा नाही. पण आपल्या राज्यात भाड्याच्या घराला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि पैसे गुंतवण्याआधी तो माहीत असलेला बरा.

पहिल्या महायुद्धात मुंबईत महागाई आणि घरटंचाई वाढली, म्हणून १९१८ मध्ये भाड्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडले. फाळणीच्या वर्षी, म्हणजे १९४७ मध्ये, मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच साधारणपणे 'प्रमाण भाडे' ठरले. हेतू चांगला होता. गिरणी कामगाराला, निर्वासिताला कोणी रस्त्यावर काढू नये. कायदा तात्पुरता होता, पण त्याची मुदत वाढत वाढत अर्धे शतक निघून गेले.

दरम्यान गव्हाचा, सिमेंटचा, गवंड्याच्या मजुरीचा भाव कुठल्या कुठे गेला आणि भाडे तिथेच राहिले. घरमालकाने दुरुस्ती सोडून दिली. कायद्याने मनाई असूनही पागडी सुरू झाली, म्हणजे भाडे नाममात्र आणि खरी रक्कम पावतीशिवाय. इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारला १९६९ मध्ये मुंबईतल्या जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. १९७३ मध्ये आणखी एक वळण आले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लिव्ह अँड लायसन्स करारावर राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू मानले गेले. काही महिन्यांसाठी दिलेले घर कायमचे गेले, अशी अनेक मालकांची भावना झाली. घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवलेले बरे, हा विचार तिथून पक्का झाला. त्याची किंमत घर शोधणाऱ्या गरिबाने मोजली.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले की, असे गोठवलेले भाडे आता वाजवी म्हणता येणार नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडेकरूचे संरक्षण राहिले, पण दर वर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. मुदत संपलेल्या लिव्ह अँड लायसन्सचे घर परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची सोय झाली. घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे कर्तव्य ठरले. नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च वळता करून घेऊ शकतो.

या कायद्याचे कलम ५५ प्रत्येक घरमालकाने वाचावे. करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नसेल, तर वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय शिक्षेचीही तरतूद आहे.

आपल्या समाजात इथेच घोडे अडते. 'आपलाच माणूस आहे, कागद कशाला?' हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येते. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत सूरह बकरामधली २८२ वी आहे, आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदारांबद्दल आहे. व्यवहार छोटा असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे ती बजावते. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. तो दोघांचेही रक्षण करतो.

वर सांगितलेला कायदा राज्याचा आहे. देहूरोडला त्यात आणखी एक पेच आहे, कारण हे गाव कॅन्टोन्मेंट आहे. छावणी हद्दीतील घरे आणि त्यांचे भाडे हा विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत ठेवला आहे. बराकपूर छावणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हेच स्पष्ट केले. राज्याचा भाडेकायदा छावणीत आपोआप येत नाही. १९५७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून तो लागू करू शकते. जमिनीचेही तसेच. छावणीतल्या काही जमिनींवर घर माझे, पण जमिनीची मालकी केंद्र सरकारची, अशी स्थिती असते. पलीकडचे किवळे-रावेत मात्र महानगरपालिकेत येते. म्हणून घर पाहताना हद्द कोणाची, जमीन कोणत्या प्रकारची आणि बांधकामाची परवानगी कोणी दिली, हे तीन प्रश्न दराच्या आधी विचारावेत. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेल्या घराचे स्वस्तपण बहुधा याच तीन उत्तरांत दडलेले असते.

आता हिशेब. समजा, ४० लाखांचा फ्लॅट १२ हजार रुपये भाड्याने गेला आणि वर्षात एक महिना रिकामा राहिला. हाती आले १ लाख ३२ हजार. सोसायटीचा देखभाल खर्च महिना २ हजार धरला, कर आणि किरकोळ दुरुस्ती वर्षाला १२ हजार धरली, तर उरतात ९६ हजार. म्हणजे अडीच टक्क्यांहूनही कमी. फ्लॅटसाठी ३० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले, तर हप्ताच महिना सुमारे २७ हजार. व्याजाचा धार्मिक प्रश्न बाजूला ठेवला तरी भाड्यातून हप्ता फिटत नाही.

समाजाच्या सामाईक मिळकतीचे चित्रही वेगळे नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात देशभरात ४.९ लाखांहून अधिक नोंदणीकृत वक्फ मिळकती होत्या. त्यांचे वार्षिक उत्पन्न सुमारे १६३ कोटी, म्हणजे पुस्तकी किमतीच्या जेमतेम २.७ टक्के. अतिक्रमणे, नाममात्र भाड्याचे जुने करार आणि ढिला कारभार यांत हे उत्पन्न अडकले. पूर्वजांनी अनाथ, विधवा आणि विद्यार्थ्यांसाठी सोडलेली ती अमानत आहे. तिचे भाडे बुडते तेव्हा कुठल्या तरी मुलाची फी बुडते.

घरमालकाने मुदत, भाडेवाढ, डिपॉझिट आणि दुरुस्ती कोणी करायची हे लिहून नोंदवावे. भाड्यातला एक हिस्सा दर वर्षी इमारतीसाठी बाजूला काढावा. आणि दारात आलेल्या भाडेकरूचे नाव ऐकून दार बंद करू नये. केवळ नावावरून नकार मिळणे काय असते, हे आपल्यातल्या अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. त्यामुळे आपण मालक असू तेव्हा तोच नकार दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या प्रांताच्या माणसाला देण्याचा हक्क आपल्याला नाही.