न हललेला षड्ज

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत हरिनाम सप्ताहाच्या भजनाला जी पेटी वाजते, ती मूळची युरोपातली. 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायभात्याऐवजी हातभाता बसवला आणि मांडी घालून वाजवता येईल असे वाद्य तयार झाले. सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या, ही मांडणी मात्र कायम राहिली. हायडन, मोझार्ट आणि बेथोवन या संगीतकारांनी आपले सोनाटा (वाद्यावर वाजवायच्या दीर्घ रचना) याच मांडणीवर रचले. मग पट्ट्या इथवर पोचल्या आणि सोनाटा का पोचला नाही? ‘आपल्याला हार्मनी, म्हणजे अनेक सूर एकत्र वाजवण्याची रीत, उमगली नाही’ हे एक ठरावीक उत्तर. ‘आपल्या रागसंगीताला तिची गरजच नव्हती’ हे दुसरे. पहिल्यात न्यूनगंड आहे, दुसऱ्यात अहंकार, आणि रचनेचा विचार दोन्हींत नाही. सोनाटात हार्मनी जे काम करते ते काम भजनात आधीपासून दुसऱ्या मार्गाने होत होते; म्हणून पेटी स्वीकारली गेली आणि हार्मनी वगळली गेली, असे माझे म्हणणे आहे.

आधी ते काम कोणते ते पाहू. मोझार्टचा 1788 सालचा सी मेजर सोनाटा (के. 545) त्याने स्वतःच नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवलेला आहे, त्यामुळे सांगाडा स्पष्ट दिसतो. पहिली चाल पांढरी एक या षड्जावर येते. थोड्या वेळाने शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम डोकावतो, आणि दुसरी चाल सुरू होईपर्यंत पंचमच नवा षड्ज झालेला असतो. मधल्या भागात सूर आणखी दूर भटकतात. मग पहिली चाल परतते, पण मोझार्ट गंमत करतो: ती मूळ षड्जावर न आणता मध्यमाला षड्ज करून आणतो. मूळ षड्जावर स्थिरावते ती दुसरी चाल, जी आधी पंचमावर ऐकवली होती. शब्द नाहीत, कथा नाही; तरी ऐकणारा शेवटपर्यंत गुंततो, कारण हललेला षड्ज जागेवर येण्याची तो वाट पाहत असतो. या तऱ्हेच्या सोनाटाची लांबी या ताणावर उभी असते.

आता तोच तीव्र मध्यम भजनातल्या पेटीवर लावा. पट्ट्या त्याच, पण ऐकणाऱ्याला षड्ज हलल्यासारखे वाटणार नाही. त्याला यमन राग ऐकू येईल. फरक पडतो तो भोवतालच्या सुरांमुळे. पियानोवर डावा हात रिषभावरचा स्वरगुच्छ (रिषभ, तीव्र मध्यम, धैवत आणि वरचा षड्ज) वाजवून कानाला पंचमाकडे ढकलतो आणि तिथेच विसावा देतो. भजनात मात्र षड्ज सतत कानात असतो आणि प्रत्येक सूर त्याच्याशी ताडून ऐकला जातो. म्हणजे हार्मनी ही चालीवर चढवलेली सजावट नव्हे. षड्ज हलवण्याचे ते यंत्र आहे. ज्या मैफलीत षड्ज हलवायचाच नाही, तिथे त्या यंत्राला काम उरत नाही.

भजनाची लांबी कशावर उभी राहते? बुवांच्या गळ्याला मानवणारी पट्टी सुरुवातीला ठरते, काळी एक किंवा पांढरी चार, आणि त्यांचे गाणे संपेपर्यंत ती बदलत नाही. गजर, रूपाचा अभंग, मग एकापाठोपाठ अभंग, गौळण आणि शेवटी भैरवी असा क्रम परंपरेने लावून दिलेला असतो. राग बदलतात, टाळ-पखवाजाची लय चढते, ध्रुवपद टाळकऱ्यांकडे जाऊन बुवांकडे परत येते. मोझार्टच्या त्या भागात स्वरांची चौकट बहुतेक तीच राहते आणि षड्ज सरकतो. भजनात षड्ज अढळ राहतो आणि भोवतालचे स्वर बदलतात. दीर्घ रचना सलग कशी धरून ठेवायची, या एकाच प्रश्नाची ही दोन उलटी उत्तरे आहेत.

यावर पहिला आक्षेप वाद्याचा येईल: डावा हात भात्यात अडकल्यावर हार्मनी वाजणार कशाने? पण संगीत नाटकांच्या साथीला पायाने भाता चालवायचा ऑर्गन होता. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीतही तो होता. दोन्ही हात मोकळे असूनही नाट्यपदाची साथ चालीमागूनच गेली. दुसरा आक्षेप दुर्गमतेचा. पण शहापूरलगतच्या आसनगावला रेल्वे 1860 सालीच आली, मुरबाडला ती अजून नाही, आणि पेटी दोन्हीकडे एकाच रीतीने वाजते. शिवाय वसईत 1534 ते 1739 पोर्तुगीज अंमल होता. पालघर वेगळा होईपर्यंत, म्हणजे 2014 पर्यंत, वसई ठाणे जिल्ह्यातच होती. युरोपीय चर्चसंगीत त्याच जिल्ह्यात होते. त्याचा शिरकाव भजनात झाला नाही, याला अंतर हे कारण पुरत नाही.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे: मध्यमाला षड्ज मानून गाणे आपल्याकडेही आहे, मूर्च्छनेचा (सप्तकातला दुसरा सूर षड्ज धरण्याचा) विचार तर फार जुना. हे खरेच. पण तो सहसा गाण्यातला एखादा रंग असतो, किंवा पूर्ण पद तशाच षड्जावर गायले जाते. दोन षड्जांमध्ये ओढाताण उभी करून तिच्यावर सबंध रचना तोलणे हे निराळे काम. आज हळदीत वाजणाऱ्या की-बोर्डवर स्वरगुच्छ सर्रास ऐकू येतात, तेही या म्हणण्याला बाध आणत नाहीत. तिथे स्वरगुच्छ चालीमागून चालतात. सोनाटात चालीला कुठे जायचे हे ते ठरवतात.

उरतो प्रश्न किमतीचा. षड्ज कुठेही नेता यावा म्हणून सप्तकाचे बारा समान भाग करण्याची पद्धत पाश्चात्त्य वाद्यांत रुजली. मोझार्टच्या काळी ती इतकी काटेकोर नव्हती. या समान विभागणीपायी सुरांच्या बारीक जागा गेल्या. त्याच जागांसाठी सांगलीच्या कृ. ब. देवल यांनी श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप केला, आणि 1940 साली रेडिओने पेटीवर घातलेली बंदी तीन दशके टिकली. मग खेड्यातल्या भजनी मंडळांनी ही किंमत फुकटच मोजली का? तसे वाटत नाही. बारी, म्हणजे गाण्याची पाळी, बदलली की नवे बुवा आपली पट्टी सांगतात, पेटीवाला तिथून षड्ज धरतो, आणि एकच पेटी गावातल्या सगळ्या गळ्यांना पुरते. षड्ज हलवण्याची सोय त्यांनीही वापरली, फक्त ती रचनेच्या पोटात न वापरता दोन गायकांच्या मधल्या जागेत वापरली.