रक्त न पिणारा वेताळ

ड्रॅक्युला आणि आपला वेताळ यांचे नाते काय, असे कुणी विचारले तर आपण हसू. पण १८७० साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एका पुस्तकाने हे नाते जोडून टाकले. रिचर्ड बर्टन यांनी वेताळाच्या पंचवीसपैकी अकरा कथा इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाला नाव दिले ‘विक्रम अँड द व्हँपायर’. बर्टन पूर्वी मुंबईच्या लष्करात होते, मराठीची परीक्षाही उत्तीर्ण झाले होते. म्हणजे अज्ञानाने हे घडले असे नाही. प्रेतात शिरणारा, झाडाला उलटा लोंबकळणारा हा कोण, हे इंग्रज वाचकाला सांगायला जवळचा शब्द तोच होता. पॉलिडोरीच्या १८१९ मधल्या कथेपासून तो तिकडे चांगला रुळला होता.

पण आपला वेताळ रक्त मागत नाही, उत्तर मागतो. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त त्याच्या कथा सांगितल्या, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी ‘वेताळ पंचविशी’ १८३० सालची. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकले, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर! शेवटी मात्र कपटी साधूपासून राजाला वाचवतो तो हाच वेताळ. गावाच्या वेशीवर शेंदूर फासून आपण ज्याला बसवले, तो भुतांचा राजा आहे, म्हणूनच राखणदारही आहे. गोव्यात तर बेताळभाटी या गावाचे नावच त्याच्यावरून पडले.

ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला आला १८९७ साली. तो वेशीवर थांबत नाही. वकिलामार्फत रीतसर घर विकत घेतो, जहाजाने येतो आणि लंडनच्या गर्दीत मिसळतो. एक अट मात्र आहे: घरातल्या कुणी आत बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. आधुनिक वाचकाला तो इतका का खेचतो, याचे उत्तर मला इथे दिसते. शहरात शेजारी अनोळखी असतो, सभ्य असतो, आणि दार आपणच उघडतो.

ही भीती मराठीतही उतरली. नारायण धारप यांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ या १९७५ च्या कादंबरीवरून ‘लुचाई’ लिहिली. वर्ध्याच्या एखाद्या वाचनालयातून धारपांचे पुस्तक घरी नेणाऱ्याला ट्रान्सिल्व्हानिया कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. शिवाय धारपांच्या अनेक कथांत संकटकाळी ‘समर्थ’ धावून येतात. वेस पुसली गेली तरी राखणदाराची गरज उरतेच, हे धारपांनी ओळखले होते.

आपल्या मुलांनी परदेशी पिशाच्चकथा जरूर वाचाव्यात. फक्त ‘व्हँपायर’ म्हणजे वेताळ, असे त्यांना सांगू नये. एकाला दारातच अडवायचे असते. दुसऱ्याला खांद्यावर घेऊन त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते.