इस्पितळाच्या भिंतीबाहेर

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी असूनही लक्ष न टिकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. पण अशा मुलाला घेऊन ‘वेड्यांच्या इस्पितळा’ची पायरी कोण चढणार? वर्गात तो ‘द्वाड’च ठरे. (आम्हीही तसे म्हटले आहे.)

१९५५ च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी मांडले, की चिंता घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या हट्टी समजुतींतून उपजते. ‘नापास होताच कामा नये’ हा हट्ट तपासायचा. कि. मो. फडके यांनी हा विचार मराठीत रुजवला. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात ‘आय.पी.एच.’ संस्था काढली. डोंबिवली-कल्याणच्या पालकांना ती लोकलच्या अंतरावर होती. चंचल मुलासाठी मात्र नुसता संवाद पुरत नाही. अभ्यासाचे लहान तुकडे, तत्काळ शाबासकी, कधी औषध, आणि बाक पुढचा.