कात्रीतून वाचलेली राणी

मराठी रंगभूमीने शेक्सपिअर आपलासा केला तो मुख्यतः शोकांतिकांच्या वाटेने. आगरकरांचे ‘विकारविलसित’, देवलांचा ‘झुंझारराव’, शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ ही नावे चटकन आठवतात. त्याची इंग्लंडच्या राजांवरील नाटके मात्र आपल्याकडे फारशी रुळली नाहीत. त्यांतली चार नाटके एकाच कथेची आहेत: ‘सहावा हेन्री’चे तीन भाग आणि ‘तिसरा रिचर्ड’. लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांतील गादीचा तंटा हा त्यांचा विषय. चारही मिळून बारा हजारांहून अधिक ओळी भरतात. ती सलग करायची तर कात्री लावणे आलेच. ती कशी लावली जाते आणि तिने इतिहासाचे काय होते, हे मला या लेखात तपासायचे आहे.

पहिली कात्री खुद्द शेक्सपिअरची आहे. १४२२ ते १४८५ या त्रेसष्ट वर्षांचा इतिहास त्याने बखरींतून उचलला आणि हवा तसा दुमडला. जोन ऑफ आर्कला १४३१ मध्ये जाळले. इंग्रज सेनानी टॅल्बट पडला १४५३ मध्ये. नाटकात मात्र टॅल्बट आधी मरतो आणि जोन नंतर पकडली जाते. सेंट अल्बान्सच्या १४५५ च्या लढाईत रिचर्ड पराक्रम गाजवताना दिसतो. प्रत्यक्षात तेव्हा तो जेमतेम अडीच वर्षांचा होता. राणी मार्गारेट १४८२ मध्ये फ्रान्समध्ये वारली, पण ‘तिसरा रिचर्ड’मध्ये ती १४८३ च्या लंडन दरबारात शिव्याशाप देत फिरते. म्हणजे ‘मूळ संहिता’ म्हणून आपण जिला हात लावायला कचरतो, तीच एक संक्षिप्त रंगावृत्ती आहे.

दुसरी कात्री नटांची. कॉली सिबर याने १७०० च्या सुमारास ‘तिसरा रिचर्ड’ची आटोपशीर आवृत्ती केली. ती शंभराहून अधिक वर्षे इंग्लिश रंगभूमीवर चालली. सारा झोत रिचर्डवर राहावा म्हणून तिच्यातून मार्गारेट वगळली होती. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९५५ च्या चित्रपटातही ती नाही. यात तर्क आहे. एकटे ‘तिसरा रिचर्ड’ पाहणाऱ्याला ही म्हातारी कोण आणि कुणाकुणाची उणीदुणी काढते आहे, हे कळणे अवघड जाते.

तिसरी कात्री १९६३ ची. स्ट्रॅटफर्डला रॉयल शेक्सपिअर कंपनीत पीटर हॉल आणि जॉन बार्टन यांनी चार नाटकांची तीन केली: ‘सहावा हेन्री’, ‘चौथा एडवर्ड’ आणि ‘तिसरा रिचर्ड’. मालिकेला नाव दिले ‘गुलाबांची युद्धे’. बार्टनने मूळच्या सुमारे निम्म्या ओळी ठेवल्या आणि दुवे जोडण्यासाठी चौदाशेहून अधिक ओळी स्वतः लिहिल्या. जॉन बरीच्या नेपथ्यात पोलादी भिंती होत्या आणि मधोमध राजसभेचे मोठे मेज. फ्रान्समधील लढाया आणि दरबारातील डावपेच दोन्ही पूर्ण ठेवणे शक्यच नव्हते. त्यांनी मेज निवडले. राज्य रणांगणापेक्षा या मेजाभोवती अधिक हरले-जिंकले जाते, हा त्यांचा इतिहासविषयक निष्कर्षच होता. बीबीसीने १९६५ मध्ये ही मालिका दाखवली. ते चित्रण मी मूळ संहिता शेजारी ठेवून पाहिले आहे.

पाहताना लक्षात येते की इतकी कापाकापी होऊनही एक व्यक्तिरेखा मोठी झाली आहे, ती मार्गारेट. चारही नाटकांत जिवंतपणी वावरणारी ती एकटीच. पेगी अ‍ॅशक्रॉफ्टने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ती नवतरुणीपासून जख्ख म्हातारीपर्यंत उभी केली. मधल्या नाटकात ती कैदेतल्या यॉर्कच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवते आणि त्याच्या कोवळ्या मुलाच्या रक्तात भिजलेला रुमाल त्याला डोळे पुसायला देते. शेवटच्या नाटकात रिचर्ड तिला त्याच क्रौर्याची आठवण देतो. सुटे नाटक पाहणाऱ्यासाठी हा ऐकीव उल्लेख असतो. मालिका पाहणाऱ्याने मात्र तो मुकुट आणि तो रुमाल डोळ्यांनी पाहिलेला असतो. तिच्या शापात किती दुःख आणि किती अपराध आहे, याचा तो साक्षीदार असतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे अडखळायला होते. १४६० च्या डिसेंबरात यॉर्क पडला तेव्हा मार्गारेट स्कॉटलंडमध्ये होती, आणि तो ‘कोवळा’ मुलगा सतरा वर्षांचा होता. खऱ्या राणीवर न केलेल्या क्रौर्याचा डाग नाटकाने लावला, आणि मालिकेने तो अधिक गडद केला. ज्या संक्षेपाने तिला रंगमंचावर परत आणले, त्यानेच तिची बदनामीही पक्की केली. हे दोन्ही एकाच श्वासात सांगावे लागते.

बार्टनवर आक्षेप घेतला जातो तो शेक्सपिअरच्या नावाखाली स्वतःच्या ओळी घातल्याचा. प्रेक्षकाला हे सांगितले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ओळींची मोजदाद करून संक्षेपाचा न्याय होत नाही. सिबरने कापले ते एका नटाला जागा मोकळी करण्यासाठी. त्यात मागच्या पिढीची आठवण गेली आणि रिचर्ड आकाशातून पडलेला दैत्य ठरला. हॉल-बार्टननी कापले ते ती आठवण शेवटपर्यंत पोहोचावी म्हणून. त्यामुळे रिचर्ड हा अनेकांच्या सूडातून वाढलेले पीक दिसतो. ऐतिहासिक नाटक छोटे करायला बसणाऱ्याने आधी ठरवावे की कुणाची आठवण राखायची. कुठल्या ओळी कापायच्या, हे त्यावरून ठरते.